जमिनीखालचं भांडण

कांताताई,

तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारात सगळे बोलले. नगरपालिकेच्या ऑफिसातले साहेब बोलले, वॉर्डातले लोक बोलले, सानगडीहून आलेला तुझा भाऊ बोलला. प्रत्येकाच्या बोलण्यात एकच शब्द होता. शांत. शांत स्वभावाच्या कांताबाई, कुणाला उलट न बोलणाऱ्या कांताबाई. तुझ्या लेकीने, प्रज्ञाने, मला मुद्दाम पुढच्या सतरंजीवर बसवलं होतं. मी मान खाली घालून ऐकत होतो आणि वाटत होतं, हे लोक कोणत्या बाईबद्दल बोलून राहिलेत? माझी कांताताई तर मला पहिल्यांदा भेटली ती कानशिलात मारून.

मलाही बोलायला सांगितलं. मी उठलो, तुझ्या फोटोकडे पाहिलं आणि परत खाली बसलो. लोकांना वाटलं, गजूला रडू आलं. रडू आलं नव्हतं. भीती वाटत होती. तेव्हा जे तोंडातून निघालं नाही ते आता लिहितोय. तुझ्यापर्यंत पोचणार नाही हे कळतं, पण तुझ्याशी भांडायची सवय एकदम जात नाही.

तो पहिला दिवस तुला नक्की आठवत असेल. शाळेसमोरच्या रस्त्यावर केबलसाठी नाली खोदायचं काम होतं. मी नवाच होतो. एकोडीच्या आमच्या धानाच्या बांधीतून निघून, आयटीआय करून, जेसीबीवर बसलेला पोरगा. मशीन हातात आली की माणसाला वाटतं सगळी जमीन आपल्या बापाची. तिसऱ्या का चौथ्या बकेटला खालून कट्ट असा आवाज आला आणि पाण्याचा फवारा माझ्या काचेवर आदळला. शहराची मुख्य लाइन फोडली होती मी. रस्त्यावर गुडघाभर पाणी झालं.

तू सायकलवरून आलीस. दांडीला ती लांब लोखंडी चावी बांधलेली, व्हॉल्व्ह फिरवायची. आधी तू चेंबरचं झाकण उघडून व्हॉल्व्ह बंद केलास, घाई न करता, एकेक फेरा. मग ओल्या पदराने तोंड पुसत मशीनच्या पायरीवर चढलीस, दार उघडलंस आणि माझ्या कानाखाली अशी दिलीस की डोक्यात शिट्टी वाजली.

"डोळे फुटले का तुये? येथी पाईप हाय!"

"मले कोनी नाही सांगतलं," मी गाल धरून म्हटलं.

"मंग विचारलं काहून नाही?"

बाईच्या हातचा मार, तोही भर रस्त्यात, शाळेतली पोरं हसताहेत. मी रागाने खाली उतरलो. तुला ढकललंसुद्धा. तू चिखलात बसलीस, उठलीस आणि चावी उचललीस. लोकांनी मध्ये पडून मला मागे ओढलं नसतं, तर त्या दिवशी माझं डोकं फुटलं असतं. संध्याकाळी मी शिव्या देत घरी गेलो. कोण ही बाई, विचारलं. लोक म्हणाले, व्हॉल्व्हमन आहे.

व्हॉल्व्हमनच होतीस तू. नवरा त्याच कामावर होता, तो आजारात गेला आणि त्याच्या जागी तुला घेतलं. कागदावर पदाचं नाव बदललं नाही. "कागदावर मी गडीच हाय," असं तू हसून सांगायचीस. पहाटे उठून या वॉर्डाचं पाणी सोड, त्या वॉर्डाचं बंद कर. कोणत्या गल्लीत कोणता व्हॉल्व्ह किती फेऱ्यांनी बंद होतो हे नवऱ्याने तुला आजारपणात खाटेवरून सांगितलं होतं. हा सगळा हिशोब ऑफिसात कुठेच लिहिलेला नव्हता. तो मेला असता न सांगता, तर शहराला महिनाभर पाणी मिळालं नसतं.

आपली दोस्ती झाली ती आणखी एका वाईट दिवशी. बाजाराच्या चौकात मी खांबासाठी खड्डा घेत होतो. लाखांदूरचा दशरथ खाली उतरून सब्बलने माती मोकळी करत होता. त्याची सब्बल एका केबलला लागली. निळा जाळ उठला, फटाक्यासारखा आवाज, आणि दशरथ उताणा पडला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. कातडी सालासारखी सुटत होती. तो ओरडतही नव्हता, नुसता हातांकडे पाहत होता. मी मशीनवर थिजून बसलो. तू कुठून आलीस कोण जाणे, माझ्या डब्यातलं पाणी त्याच्या हातावर ओतलंस, ऑटो थांबवलास, त्याला उचलून घातलंस आणि मला ओरडून म्हणालीस, "बसून काय राहिला बे, चाल!"

दवाखान्यातून आपण दोघं सरळ ऑफिसात गेलो. साहेब जेवत होते. तू त्यांचं टेबल दोन्ही हातांनी धरून उलटं केलंस. डबा, फायली, पाण्याचा पेला, सगळं जमिनीवर.

"ह्या टेबलाखाली काय हाय थे तुमाले माहीत हाय," तू म्हणालीस, "अन् रस्त्याखाली काय हाय थे कोनालेच माहीत नाही. थ्या मानसाचे हात गेले!"

तुला नोटीस मिळाली. तू माफी लिहून दिली नाहीस. ह्याच बाईला विहारात शांत म्हणत होते, ताई.

त्यानंतरच तू ती चित्रकलेची वही आणलीस. प्रज्ञाची शाळेतली, अर्धी कोरी. एका रविवारी दुपारी तू मला बोलावलंस आणि आपण दोघं शहरभर पायी फिरलो. तुझ्या एका हातात वही, दुसऱ्या हातात पेन्सिल. तू रस्त्यावर पाय आपटून सांगत होतीस. इथे खाली पाण्याची मोठी लाइन. इथे तिला गटाराची लाइन ओलांडते, आणि मूर्खांनी गटार वर घेतलंय, पाणी खाली. इथे बुजवलेली विहीर, वर पानठेला उभा आहे. इथे टेलिफोनच्या मेलेल्या तारा. इथे विजेच्या जिवंत. आणि ही जी वस्ती दिसते, कापडाची दुकानं, तीन माळ्यांची घरं, ही सगळी बोडी होती. चाळीस वर्षांपूर्वी मलबा टाकून तळं बुजवलं. वरून सिमेंट दिसतं, खाली अजून काळा गाळच आहे.

"तुले कसं माहीत?"

"मायी सासू थ्या बोडीत शिंगाडे काढत होती."

त्या दिवशी तू मला जे सांगितलंस ते माझ्या आयटीआयच्या मास्तरांनी सांगितलं नव्हतं. जमिनीखालीही मजले असतात, तू म्हणालीस. सगळ्यात वरचा मजला झाडाच्या मुळ्यांचा आणि मुरणाऱ्या पाण्याचा, तो मोकळा ठेवायचा. त्याखाली तारा. त्याखाली पिण्याचं पाणी. गटार नेहमी पिण्याच्या पाण्याच्या खाली. आणि त्याच्याही खालचं विहिरींचं पाणी, त्याला हात लावायचा तर दहादा विचार करायचा. "वरचं घर चुकलं तं पाडता येते, गजू. खालचं चुकलं तं काढता नाही येत. थे तसंच राहते, पोरांच्या पोरांले."

तू खोदायच्या विरोधात नव्हतीस, हे मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं. आता लोक म्हणतात, कांताबाईला विकास नको होता. तुझं तर उलट म्हणणं होतं. नव्या मोठ्या रस्त्याच्या कडेने एकच पक्की नाली बांधा, माणूस वाकून जाईल एवढी, सगळे पाईप आणि तारा तिच्यात घाला. झाकण उघडा, काम करा, झाकण लावा. दर सहा महिन्यांनी रस्ता फोडायला नको. गाड्या जमिनीखाली लावायच्या तर बसस्टॅंडच्या बाजूला लावा, तिकडे मुरूम आहे, भिंत उभी राहते. पण बोडीवर नको. एवढंच. चार ओळींचं म्हणणं. तू ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतंस आणि तीन साहेबांना दाखवलं होतंस. तिघांनीही पान उलटून मागे काय आहे ते पाहिलं. मागे प्रज्ञाने काढलेला मोर होता.

मग त्या बोडीवरच्या जागेवर बाजारसंकुलाचं काम निघालं. खाली दोन मजले गाड्यांसाठी. आणि तो खड्डा घ्यायचं काम मला मिळालं. आता मी पोकलेनवर होतो. एवढी मोठी मशीन शहरात पहिल्यांदाच आली होती, आणि ती माझ्या हातात होती. ताई, मला अभिमान वाटत होता. तुला हे मी कधी सांगितलं नाही.

तू आलीस तेव्हा आम्ही दहा-बारा फूट खाली गेलो होतो. बकेटमधून काळा गाळ निघत होता, शेवाळासारखा वास, आणि त्यात शिंपल्यांचे तुकडे. तू एक शिंपला उचलून सुपरवायझरसमोर धरलास.

"साहेब, हे पाहा. तळ्यात उभे हाय तुम्ही. बाजूला उतार सोडा, नाही तं आधाराची भिंत बांधा. रस्त्याच्या कडेले माया व्हॉल्व्ह हाय, मोठी लाइन हाय."

सुपरवायझर म्हणाला, "उतार सोडला तर गाड्यांच्या दोन लाइनी कमी होतात, बाई."

तू खड्ड्याच्या कडेपासून आठ-दहा फुटांवर चुन्याने रेघ मारलीस. याच्या पुढे, रस्त्याकडे बकेट आणायची नाही, म्हणालीस. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने मला रेघेच्या पुढे कापायला लावलं. मी कापलं. सरळ उभं, सुरीने केक कापावा तसं. त्या दिवशी तू परत आलीस आणि आपलं जे भांडण झालं ते अजून संपलेलं नाही.

"तू कापलं?"

"मले सांगतलं, मी कापलं."

"तुले माहीत होतं."

"मी थांबलो तं दुसरा येईल, ताई. उद्याच येईल. मशीन मालकाची, जागा बिल्डरची. मी कोन हाय?"

"दुसरा येईल तवा त्याले मारीन. आता समोर तू हायेस."

मी हसलो. तू हसली नाहीस. मग मी असं बोललो जे कोणत्याही बहिणीला बोलू नये. म्हटलं, पाणी सोडायचं काम आहे तुझं, इंजिनिअर नको होऊ. वही घेऊन फिरलीस म्हणून कोणी शहाणी होत नाही. तू माझ्याकडे पाहत राहिलीस. तू मला मारशील असं वाटलं, आणि खरं सांगतो, मारलं असतंस तर बरं झालं असतं. पण तू सायकल वळवलीस आणि गेलीस. नंतर आठ दिवस आपण बोललो नाही. रस्त्यात दिसलीस की मी मशीनचा आवाज वाढवायचो.

आता तो दिवस.

सकाळी दहाच्या सुमारास मी पाणी प्यायला खाली उतरलो. रस्त्याच्या बाजूला, तुझ्या चेंबरच्या मागून, कडेला समांतर अशी एक भेग गेलेली होती. दोन बोटं रुंद. आदल्या दिवशी नव्हती. मी वाकून पाहिलं, बोट आत घातलं, ते तळापर्यंत पोचलं नाही. माती सुटायला लागली की अशी भेग पडते, हे कोणत्याही ऑपरेटरला कळतं. मलाही कळलं.

मी काय केलं सांगू? मी बुटाने माती सारून ती भेग बुजवली.

सुपरवायझरला सांगितलं असतं तर काम थांबलं असतं. पण त्याची भीती नव्हती मला. तू दररोज दुपारी चेंबरपाशी येऊन पाहायचीस. तुला भेग दिसली असती, आणि तू सगळ्यांसमोर म्हणाली असतीस, पाहा, मी सांगत होते ना. मला तेवढंच नको होतं. भांडणात तू जिंकायला नको होतीस. एवढ्यासाठी, ताई. एवढ्याशा गोष्टीसाठी.

खाली सहा मजूर सळया बांधत होते. साडेअकराच्या आसपास कड थोडी खचली आणि तिच्यातला पाईप निखळला. पाण्याची धार खड्ड्यात पडायला लागली. बघता बघता खाली चिखल झाला. वर यायचा उतार पलीकडच्या टोकाला होता, त्यावर पाणी आल्याने तो साबणासारखा झाला. दोघं चढायला गेले आणि घसरून सळयांवर पडले. एकाच्या मांडीत सळई घुसली. तो डुकरासारखा ओरडत होता.

मी मशीनचा लांब हात, बूम, वळवला आणि बकेट खाली सोडली. "बकेटमध्ये चढा!" तिघं चढले. मी त्यांना वर काढून रस्त्यावर सोडलं. परत बकेट खाली नेली. तेव्हा तू आलीस. सायकल टाकून दिलीस, चावी काढलीस. चेंबर आता अगदी कडेवर लटकत होतं. मी काचेतून ओरडलो, "ताई, नको! मागे हो!"

तू वर पाहिलंस. "पानी बंद नाही झालं तं कड उभी नाही राहत, गजू! तू थ्यांले काढ!"

आठ दिवसांनी बोललेली ती पहिली गोष्ट आणि शेवटची. तू चावी घातलीस आणि फिरवायला लागलीस. मी उरलेल्या तिघांना बकेटमध्ये घेतलं, मांडीत सळई घुसलेला त्यांच्यातच होता, आणि वर उचललं. धार बारीक होत गेली. मी पाहिलं, धार बारीक होत गेली. माणसं अर्ध्यावर, हवेत होती, तेव्हा कडेचा अख्खा तुकडा, रस्त्याच्या डांबरासकट, तुझ्यासकट, खाली गेला. जोराचा आवाजही झाला नाही. दमलेला माणूस बसतो तसा बसला.

माझ्या हातात तीन माणसं लटकत होती. मी लिव्हर सोडू शकत नव्हतो. त्यांना हळूच रस्त्यावर ठेवेपर्यंत किती वेळ गेला, मला माहीत नाही. मी किंचाळत होतो एवढं आठवतं.

नंतर मी बकेट घातली. दोनदा. तिसऱ्यांदा बकेटचे दात तुला लागतील म्हणून मशीन बंद केली आणि उडी मारली. हातांनी उकरलं. ज्यांना वर काढलं होतं त्यातले दोघं परत खाली आले. काळा गाळ, डांबराचे तुकडे, चेंबरच्या विटा. आधी तुझी वेणी हाताला लागली. मी ती ओढली, ताई, मला दुसरं काही सुचलं नाही. मग खांदा, मग तोंड. तोंडात गाळ भरलेला होता, मी बोट घालून काढला, एकदा, दोनदा, आतून अजून निघतच होता. तुझा एक डोळा उघडा होता आणि त्यात माती होती.

वर आणलं तेव्हा गर्दी जमली होती. लोकांनी पहिल्यांदा मशीनच्या काचा फोडल्या, मग मला धरलं. हाच खोदत होता, मारा याला. कोणाच्या तरी हातातली वीट माझ्या पाठीत बसली. मी हात वर केले नाहीत. तेवढ्यात प्रज्ञा आली. नर्सिंग कॉलेजच्या पांढऱ्या कपड्यात, तशीच धावत. तिने माझ्या अंगावर पडून लोकांना ढकललं.

"ह्यानं काढलं माया मायले! ह्याच्या हातांकडे पाहा!"

माझ्या नखांमधून रक्त येत होतं. लोक मागे सरले. त्या दिवसापासून मी तिचा मामा झालो. तिने मला डबे पाठवले. विहारात पहिल्या रांगेत बसवलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी बिल्डरच्या बाजूने बोलणं सुरू झालं. पाईप सडका होता, तो फुटल्यामुळे कड भिजली आणि ढासळली. व्हॉल्व्हमन बाई उशिरा आली. तिने घाईत व्हॉल्व्ह बंद करायच्या ऐवजी उघडला. ताई, त्यांनी तुझ्यावरच टाकलं. मलब्यातून तुझा व्हॉल्व्ह निघाला, मी स्वतः पाहिला. पूर्ण बंद होता. पण ते म्हणाले, पडताना फिरला असेल. प्रश्न एकच उरला होता. आधी पाईप फुटला की आधी कड सुटली? आणि त्याचं उत्तर जगात एकाच माणसाला माहीत होतं. आधी भेग पडली. दीड तास आधी. आणि ती मी बुजवली होती.

चौकशीच्या दिवशी साहेबांच्या खोलीत सुपरवायझर होता, बिल्डरचा वकील होता, वाचलेल्या मजुरांपैकी दोघं होते, प्रज्ञा होती. प्रज्ञाने तुझी वही आणली होती. साहेब ती बराच वेळ चाळत होते. बोडीचं पान उघडून त्यांनी विचारलं, "हे कोणी काढलं?"

"मायी आई," प्रज्ञा म्हणाली.

त्यांनी ते पान परत वाचलं. येथे बोडी. येथे खोदू नये. खोदायचं तर मुरमाकडे. मग मला विचारलं, तुम्ही काय पाहिलं?

तिथे मी खोटं बोलू शकलो असतो. अर्धं खरंही सांगता आलं असतं, की भेग पाहिली आणि सुपरवायझरला सांगितलं. तो नाही म्हणाला असता, कोणाला कळलं नसतं. प्रज्ञाचा मामा राहिलो असतो. रात्रभर तेच ठरवलं होतं. पण तोंड उघडलं आणि सगळंच बाहेर आलं. दहा वाजता. दोन बोटं. बोट तळाला लागलं नाही. बुटाने बुजवली. कायले बुजवली, साहेबांनी विचारलं, तर तेही सांगितलं.

प्रज्ञाच्या हातात पाण्याची स्टीलची बाटली होती. तिने ती माझ्या तोंडावर फेकली. ओठ फाटला. ती टेबलावरून माझ्यावर आली, केस धरले, नखांनी मान ओरबाडली. तिला दोन शिपायांनी ओढलं तरी ती लाथा मारत होती. "तुले डबा म्या दिला! म्या तुले जेवू घातलं!" एवढंच ती म्हणत होती, पुन्हा पुन्हा.

साहेब म्हणाले, जबाब टाईप करून ठेवतो, उद्या येऊन सही करा. वकील माझ्याकडे पाहून हसला.

संध्याकाळी, उजेड असतानाच, एकोडीच्या फाट्यावर बसमधून उतरलो तर दोन माणसं मोटारसायकलवर थांबलेली होती. त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं. एकाने मला शेताच्या धुऱ्यावर पाडलं, गुडघा मानेवर ठेवला. दुसऱ्याने माझा उजवा हात दगडावर ठेवला आणि रॉडने तीनदा मारलं. दोनदा मनगटावर, एकदा बोटांवर. "आता कर सही," म्हणाला. मोठ्याने नाही, समजावून सांगावं तसं. बाजूच्या बांधीत माणसं चिखलणी करत होती. ती ट्रॅक्टर सोडून ओरडत धावली तेव्हा ते पळाले.

हे सगळं मी मोबाईलवर डाव्या अंगठ्याने लिहितोय, म्हणून इतके दिवस लागले. बोटांचं काय होईल ते डॉक्टर अजून सांगत नाहीत. मशीन चालवता येईल असं मला वाटत नाही, आणि कोणी बोलावणारही नाही. माझ्यावरही गुन्हा दाखल झाला आहे. व्हावाच. खड्ड्यात आता पाणी साचलंय, शेजारची तीन घरं तडे जाऊन रिकामी केलीत. तुझ्या वहीच्या झेरॉक्स काढून ऑफिसात लावल्या आहेत, वॉर्डातले दुसरे व्हॉल्व्हमन त्या पाहून काम करतात. एवढंच झालंय. तुझी ती मोठी नाली अजून कोणी मनावर घेतलेली नाही.

आपलं भांडण मी हरलो, ताई. मला ते तुझ्यासमोर हरायचं होतं. तू हसली असतीस, म्हणाली असतीस, समजलं का बे आता, आणि चहा पाजला असतास. तू मला शिकवलंस, मारलंस, आणि मी तुला जमिनीत घातलं. हे कोणत्या शब्दात सांगतात मला माहीत नाही.

मारहाणीच्या दुसऱ्या दिवशी मी गळ्यात हात बांधून एसटीने ऑफिसात गेलो. प्रज्ञा व्हरांड्यात एकटी उभी होती. मी येतो की नाही हे पाहायला आली असावी. माझ्या हाताकडे तिने पाहिलं, बांधलेलं फडकं सोडून, दाबून पाहिलं, नर्स पाहते तसं, आणि पुन्हा नीट बांधलं. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

आत कारकुनाने जबाब माझ्यासमोर ठेवला. तीन पानं. मी पूर्ण वाचला. शाईचं पॅड पुढे सरकवून तो म्हणाला, अंगठा चालेल. मी डावा अंगठा शाईत बुडवला. पंख्याच्या वाऱ्याने पानं उडत होती आणि माझा दुसरा हात कामाचा नव्हता. तेव्हा प्रज्ञा पुढे आली. तिने दोन्ही हातांनी कागद टेबलावर दाबून धरला, आणि तिन्ही पानांवर माझा अंगठा उमटेपर्यंत तो सोडला नाही.